चिठ्ठी निघाली म्हणून खाणीत?

प्रश्न (खडकीकर): आजोबा १९४३ला खडकीच्या दारूगोळा कारखान्यात लागले. विड्या-काडेपेटी गेटवर जमा, मग आत. पण ते पोटासाठी, स्वतःहून गेले. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये म्हणे पोरांना चिठ्ठ्या काढून कोळशाच्या खाणीत धाडलं? खरं की थाप?

जुनापाना: खरंय. खाणकामगार सैन्यात निघून गेले आणि कोळसा कमी पडू लागला. मग कामगारमंत्री अर्नेस्ट बेव्हिन यांनी डिसेंबर १९४३पासून ० ते ९ आकड्यांची सोडत सुरू केली. नोंदणी क्रमांकाचा शेवटचा आकडा जुळला की सैन्याऐवजी खाण! नकार दिला तर दंड नाही तर तुरुंग. ही पोरं म्हणजे 'बेव्हिन बॉइज', स्वेच्छेने आलेले धरून सुमारे ४८,०००. मला खरी चीड येते ती पुढच्या गोष्टीची. अंगावर गणवेश नाही, त्यामुळे रस्त्यात लोक त्यांना पळपुटे समजायचे. पोलीसही हटकायचे. शेवटचे सुटले १९४८ला, तेही पदकाविना.

खडकीकर: बाप रे. आणि बायका?

जुनापाना: त्यांनाही सक्ती होती, पण खाणीची नव्हे. डिसेंबर १९४१च्या कायद्याने २० ते ३० वयाच्या अविवाहित मुली आणि मूल नसलेल्या विधवांना युद्धासाठीची सेवा (सैन्याची मदतनीस दलं, कारखाने वगैरे) सक्तीची झाली.

पोळपाट: आणि गंमत बघा, युद्धभर पाव रेशनवर नव्हता. तो आला जुलै १९४६ला, युद्ध संपल्यावर!

खडकीकर: आजोबा म्हणायचे, सुटी झाली की काडेपेटी आपलीच मिळेल याचा नेम नाही. त्यांची तक्रार तेवढीच.