मदत हवी आहे : रात्री राऊटिंग सर्व्हरचं अ‍ॅस्टरिस्कशी कनेक्शन गुपचूप तुटतं

नमस्कार मंडळी. अ‍ॅस्टरिस्क (फोन एक्स्चेंजचं सॉफ्टवेअर) पणजीत, भाषेनुसार कॉल वाटणारा राऊटिंग सर्व्हर मडगावात, मध्ये व्हीपीएन. जोडणी एएमआयवर (बाहेरच्या प्रोग्रामला एक्स्चेंजशी बोलू देणारा इंटरफेस), पोर्ट ५०३८. त्याच्या सेटिंगच्या फाइलमध्ये, मॅनेजर डॉट कॉन्फमध्ये, आधी सगळं डिनाय, मग फक्त मडगावचा आयपी परमिट. रीड-राइट परवानग्यांमध्ये कॉल आणि एजंट. लॉगिन व्यवस्थित होतं.

रात्री कॉल नसले की मधला फायरवॉल निष्क्रिय सेशन काढून टाकतो. राऊटिंग सर्व्हर नुसता ऐकत बसलेला, काही पाठवत नाही, म्हणून त्याला पत्ताच नाही. नेटस्टॅटमध्ये (जोडण्यांची यादी दाखवणारी कमांड) 'एस्टॅब्लिश्ड', म्हणजे जोडलेलं, तसंच. सकाळचा पहिला कोकणी ग्राहक, कॉल वाटणारं कुणी नसल्याने, थेट इंग्रजी रांगेत! लिनक्सचा कीपअलाइव्ह (शांत जोडणी जिवंत आहे का ते तपासणारी सोय) मुळात ७२०० सेकंदांनी जागा होतो, आणि तोही प्रोग्रामने सॉकेटवर (जोडणीच्या आपल्या टोकावर) चालू केला असेल तरच. आमच्यात तो बंद आहे, त्यामुळे सिस्टीमचा आकडा कमी करून काडीचा फरक पडला नाही.

आता दर ३० सेकंदांनी एएमआयची 'पिंग' अ‍ॅक्शन पाठवायचा विचार आहे. तिचं उत्तर 'पाँग' किती वेळा चुकल्यावर बॅकअप राऊटिंग सर्व्हरकडे जावं? तीन ठरवलंय, पण पावसात इथली लाईन क्षणभर डुलक्या घेतेच. घाईने बॅकअप जागा झाला आणि मुख्यही जिवंत असला, तर एकच कॉल दोघं रीडायरेक्ट करतील (वळवतील), ही खरी भीती. एका वेळी एकानेच कॉल हलवावा यासाठीचं कुलूप कुठे लावता?

शिवाय पुन्हा जोडल्यावर 'क्यूस्टेटस'ने रांगांची स्थिती परत मागवणं पुरतं, की मधल्या काळातले चालू कॉल वेगळे तपासावे लागतात?