मदत हवी आहे: बी.एस्सी. केमिस्ट्री, सेफ्टीत जायचंय. नेबॉश (ब्रिटिश सेफ्टी कोर्स) की एडीआयएस (औद्योगिक सुरक्षेचा डिप्लोमा)?

तारापूर एमआयडीसीत प्रॉडक्शनला चार वर्षं झाली. सेफ्टी ऑफिसरच्या जागांना अर्ज करतोय, पण कुठूनच बोलावणं नाही. क्लासवाले नेबॉश करा म्हणतात. पैसे एकाच कोर्सपुरते आहेत. कृपया सुचवा.

प्रतिसाद (फायरवॉटर):
इथल्या कारखान्यात राहायचं असेल तर एडीआयएस. महाराष्ट्राच्या १९८२ च्या सेफ्टी ऑफिसर नियमांना राज्य सरकारमान्य पदवी किंवा डिप्लोमाच लागतो, तिथे नेबॉश चालत नाही. ते आखातात उपयोगी. एडीआयएस सायनच्या केंद्रीय श्रम संस्थेत होतं, एमएसबीटीई (राज्याचं तंत्रशिक्षण मंडळ) मान्य संस्थांतही होतं. 'हजेरी नको' म्हणणाऱ्यांपासून लांब राहा. फी भरण्याआधी मान्य संस्थांच्या यादीत संस्थेचं नाव स्वतः बघा.

तुमची खरी अडचण वेगळी आहे. इंजिनिअरला कारखान्यातल्या अनुभवाची दोन वर्षं पुरतात, केमिस्ट्रीवाल्याला पाच लागतात, तीही सुपरवायझरी, म्हणजे माणसांवर देखरेखीची. अनुभवपत्रावर नुसतं 'केमिस्ट' असेल तर ती वर्षं धरतील याचा भरवसा नाही. शिफ्ट इन्चार्ज म्हणून काम केलं असेल तर हाताखाली किती माणसं होती तेही एचआरकडून लिहून घ्या. नोकरी सोडल्यावर हे पत्र मिळवणं म्हणजे डोकेदुखी.

प्रतिसाद (परमिटवाला):
मुलाखतीत टाकीत उतरण्याचं परमिट (कामाची लेखी परवानगी) हमखास विचारतात. ऑक्सिजन १९.५ ते २३.५ टक्के, ज्वालाग्राही वायू एलईएलच्या (पेट घेण्याच्या किमान प्रमाणाच्या) १० टक्क्यांखाली, एचटूएस (विषारी हायड्रोजन सल्फाइड) १० पीपीएमखाली (दहा लाखांत दहा भाग), एवढे आकडे सगळेच घोकून येतात. मोजायचं कसं, तिथे गाडी अडते. मीटर मॅनहोलच्या तोंडाशी धरून भागत नाही. एचटूएस हवेपेक्षा जड, तळाशी बसतो. मिथेन वर चढतो. म्हणून वर, मध्ये आणि तळाशी मोजायचं, आणि आधी ऑक्सिजन बघायचा. नायट्रोजन भरलेल्या टाकीत साधा कॅटॅलिटिक सेन्सर (वायू जाळून मोजणारा) एलईएल शून्य दाखवू शकतो, कारण त्याला वायू जाळायलाच ऑक्सिजन लागतो. हे नीट सांगणारा उमेदवार लक्षात राहतो.

धागाकर्ता:
पाच वर्षं भरेपर्यंत ठेकेदाराकडे शटडाउनला (दुरुस्तीसाठी कारखाना बंद असतो तेव्हा) सेफ्टी सुपरवायझर म्हणून जाऊ का?

प्रतिसाद (फायरवॉटर):
पक्की नोकरी सोडून नको. शटडाउन संपला की घरी. आहात तिथेच परमिट देण्याची जबाबदारी मागून घ्या, सेफ्टी कमिटीत नाव घाला. आणि रेझ्युमेत 'सेफ्टीची आवड' खोडून कोणती परमिटं हाताळली ते लिहा.