मदत हवी आहे: वेल्ह्यातल्या सागाची विरळणी, कोणती झाडं काढू?

घाटवाट: वेल्ह्याच्या बाजूला सागाची लागवड आहे, फार दाट झालीय. व्यापारी शनिवारी माणसं घेऊन येतोय. लाकडाचे पैसे हवेत, पण रान उघडंबोडकं करायचं नाही. शेकरू आणि कुटुर्गे (तांबटाच्या कुळातले पक्षी) येतात. कोणती तोडू, कोणती ठेवू, एवढंच सांगा. 'झाडे वाचवा'चे उपदेश नकोत.

रसकाठ: वय? अंतर? क्षेत्र? छातीच्या उंचीला (१.३७ मी.) घेर किती? यातलं काहीच न सांगता 'कोणती' कसं सांगणार?

घाटवाट: १४ वर्षं. २ बाय २ मीटर. तीन एकर, उतार आहे, मधून नाला जातो. घेर ३० ते ६५ सेंमी. आता सांगा.

पुणेरी_बागवान: साग काढून टाका आणि मियावाकी करा. चौरस मीटरला तीन रोपं, दोन-तीन वर्षांत जंगल!

रसकाठ: त्यांना लाकूड हवंय हो, बागवान. मियावाकीत एकाही खोडाला जाडी धरायला जागा मिळत नाही.
घाटवाट, एकरी हजार झाडं झाली ही. एकाआड एक तिरपी ओळ काढून निम्मी करायची वेळ केव्हाच गेली. खोडं शिडशिडीत आणि पाला फक्त शेंड्याला, अशी झाडं एकदम मोकळी केली की वाऱ्याने वाकतात. उन्हाने खोडावर पाणफुटवे येतात, म्हणजे लाकडात गाठी. आता तिसरा हिस्सा काढा, पुढची विरळणी चार-पाच वर्षांनी. आधी दबलेली, वाकडी, खाली दुबेळकं फुटलेली. मग ज्यांचे शेंडे चांगल्या झाडाच्या शेंड्यात घुसलेत ती.

भवानीपेठ_टिंबर: व्यापाऱ्याला निवडू देऊ नका, बाकी सगळं नंतर. तो ६५ घेराची उचलेल आणि ३० ची काटकुळी तुमच्यासाठी ठेवेल. पुढची २० वर्षं तीच सांभाळत बसा. रंगाच्या खुणा स्वतः करा, एक छातीशी आणि एक अगदी बुडाशी. बुडाची खूण खुंटावर राहते, मोजणी करता येते.
माप कसं धरणार तेही आधी ठरवा. घेराचा चौथा हिस्सा गुणिले तोच गुणिले लांबी, हा बाजाराचा हिशोब. ६५ घेर, ३ मीटर ओंडका म्हणजे २.८ घनफूट. खरं लाकूड साडेतीनच्या वर असतं. आणि १४ वर्षांच्या सागात नार (आतलं पक्कं लाकूड) कमी, रसकाठच (बाहेरचं कच्चं लाकूड) जास्त. पक्क्या सागाच्या भावाची आशा धरू नका.

तलाठी_नाही: परवानगी घेतली का? १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या यादीत साग आहे, मालकीच्या जमिनीतही लागते. वाहतूक परवाना वेगळा. सातबाऱ्यावर झाडांची नोंद आहे? खाजगी वन किंवा भारतीय वन कायद्याच्या कलम ३५ चा शेरा?

घाटवाट: व्यापारी म्हणतो, ते सगळं मी बघतो.

तलाठी_नाही: माल अडला की तो दिसणार नाही. सातबारा तुमच्या नावावर आहे.

चंदनवाला: मधल्या जागेत चंदन लावा, सोबत यजमान म्हणून तूर, चंदनाची मुळं तिच्यातून अन्न घेतात. रोपं आहेत, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

हरियल: कुटुर्ग्यांचं कोणीच बोललं नाही. ६५ घेर म्हणजे जेमतेम २० सेंमी जाडी, एवढ्या सागात ढोली मिळणं कठीण. ढोल्या असणार बांधावरच्या जुन्या ऐन, किंजळ, जांभळात. त्यांना हात लावू नका, वठलेलं असलं तरी. कुटुर्गा मेलेल्या फांदीत घर कोरतो, तो सोडून गेला की दुसरे पक्षी राहतात. उंबर असेल तर तो ठेवाच, फळं वर्षातून अनेकदा येतात.
शेकरूला शेंड्याशेंड्यांवरून जाता आलं पाहिजे. नाल्याच्या दोन्ही काठांना १०-१५ मीटर पट्टा विरळू नका आणि तो बांधावरच्या झाडांना जोडलेला राहू द्या. तोड नोव्हेंबर ते जानेवारी. फेब्रुवारीपासून घरटी सुरू होतात.
तोडीतले काही जाड ओंडके तिथेच पडू द्या.

जाळरेषा: ओंडके पडू द्या म्हणे! सागाचा पाला उन्हाळ्यात कसा पेटतो ते माहीत आहे ना? सगळं बाहेर काढा.

हरियल: पेट घेतो पाला आणि बारीक काटक्या. जमिनीला टेकलेला जाड ओंडका नाल्याजवळ ओलाच राहतो. पालाही झाडून काढू नका. सागाच्या रुंद पानांवरून पावसाचे मोठे थेंब पडतात, खाली करवंद-धायटी नसेल तर उतारावरची माती धुपते.

जाळरेषा: बरं. मग हद्दीवर चार-पाच मीटरची जाळरेषा (आग अडवणारा मोकळा पट्टा) फेब्रुवारीच्या आत साफ, आणि त्या पट्ट्यात एकही ओंडका नको.

मुळशी_प्लॉट: एकरी काय भाव चाललाय तिकडे?

घाटवाट: शनिवार पुढे ढकलला. तोडलेल्या खुंटांचं काय? उपटायचे का?

रसकाठ: उपटू नका, उतार सुटेल. जमिनीपासून १५ सेंमीच्या आत, तिरपा काप, म्हणजे पाणी साचत नाही. पावसात फुटवे येतील ते ठेवा, खालचा थर म्हणून राहू देत. पण चांगल्या झाडाच्या शेंड्यापर्यंत पोचू देऊ नका, दर दोन वर्षांनी छाटा. आणि ऊन खाली आलं की आधी घाणेरी येईल. ती वरून कापून मरत नाही. मुळाचं मुंडकं जमिनीच्या थोडं खाली तोडून झुडूप उलटं टाका.