मदत हवी आहे: इंजिनाचं बिग एंड बेअरिंग टिकत नाही

मार्कंडेयकाठ
नदीवरच्या पंपाच्या इंजिनाचं बिग एंड बेअरिंग (पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या रॉडचं क्रँककडचं) परत गेलं. क्रँक ग्राइंड करून घेतला, शेल (बेअरिंगच्या दोन अर्ध्या वाट्या) नवीन, लायनर-पिस्टन सेट नवा. थोडे दिवस बरं चाललं, आता परत ठोका यायलाय. मिस्त्री म्हणतोय परत ग्राइंडिंग करूया. कोबी वाळायलाय. कुणाला माहीत असेल तर लगेच सांगा.

उद्यमबाग_ग्राइंडर
इंजिन किती एचपीचं? आरपीएम किती? ग्राइंडिंग कितीचं केलं? ठोका थंड असताना जास्त की गरम झाल्यावर? एवढं सांगितल्याशिवाय काय सांगणार?

मार्कंडेयकाठ
५ एचपी, एक सिलिंडर, पाण्यावर थंड होणारं. बोअर (सिलिंडरचा व्यास) ८० मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ११० मिमी, १५०० आरपीएम. पंप थेट कपलिंगवर. ग्राइंडिंग ०.२५ मिमीचं. ठोका गरम झाल्यावर वाढतो. अजून काय पाहिजे?

निपाणीकर
दादा, डिझेलचा नाद सोडा आणि मोटर बसवा. आम्ही वेदगंगेवर बसवली, तेव्हापासून मिस्त्रीचं तोंड बघितलं नाही.

मार्कंडेयकाठ
काठावर लाइन नाही. मोटरचं विचारलेलं नाही.

चिकोडीचा_शेतकरी
तेल बदला. ४० नंबरच्या जागी ५० चं घाला. आमच्या इंजिनाचा ठोका त्यानं थांबला.

उद्यमबाग_ग्राइंडर
थांबला नाही, दबला. क्रँकच्या ५० मिमी पिनला (रॉड जिच्यावर बसतो ती) साधारण ०.०५ मिमी फट लागते. ती वाढली असेल तर जाड तेलानं आवाज मऊ होतो, पण सकाळी थंड इंजिनात तेच तेल बेअरिंगपर्यंत उशिरा पोचतं. झीज चालूच राहते.

चिकोडीचा_शेतकरी
आमचं अजून चालतंय ओ. अनुभवाचं सांगितलं.

मेक_पाचवं_सेम
आम्हाला याच मापाच्या इंजिनाचं गणित होतं. स्ट्रोक ११० म्हणजे क्रँकची त्रिज्या ५५. रॉड २३४ मिमी धरला तर रॉड आणि त्रिज्येचं प्रमाण सव्वाचार येतं. १५०० आरपीएमला पिस्टन सगळ्यात वर असताना त्याचं त्वरण गुरुत्वाच्या साधारण १७० पट, आणि सगळ्यात खाली असताना १०६ पट. रॉड तिरका होत जातो म्हणून वर-खाली सारखं येत नाही. पिस्टन आणि रॉडचा वरचा भाग मिळून दीड किलो धरला तर वरच्या टोकाला अडीचशे किलोची ओढ. एक्झॉस्ट स्ट्रोकच्या शेवटी वरून गॅसचा दाब नसतो, तेव्हा ती सगळी ओढ रॉडच्या दोन बोल्टांवर येते. जुनेच बोल्ट परत लावले असतील तर ते आधी बदला. आणि क्रँकवरच्या बॅलन्स वेटनं फिरणारं वजन पूर्ण, पण वर-खाली होणारं साधारण अर्धंच तोलतात, म्हणून एका सिलिंडरचं इंजिन हादरणारच.

मार्कंडेयकाठ
हादरा जुनाच आहे, त्याचं काही नाही. बेअरिंगचं सांगा.

वाचनवेडा_बेळगाव
धागा वाचून एक आठवलं. क्रँकचं पेटंट १७८० साली पिकार्ड नावाच्या माणसानं इंग्लंडमध्ये घेतलं होतं. म्हणून जेम्स वॉटला आपल्या वाफेच्या इंजिनासाठी १७८१ मध्ये सूर्य आणि ग्रह अशी गिअरची रचना वापरावी लागली. एवढी साधी दिसणारी वस्तू, पण तिच्यामुळे वॉटसारख्याला वळसा घ्यावा लागला.

खानापूरचा_फिटर
इतिहास राहू दे. मार्कंडेयकाठ, काढलेले शेल फेकून दिलेत काय? असतील तर वरचा आणि खालचा शेजारी ठेवा, रॉडमध्ये बसतात त्याच दिशेनं. झीज कुठल्या कडेला आहे ते बघा. दोन्ही शेल एकाच कडेला झिजले असतील तर क्रँक पिन ग्राइंडिंगमध्ये निमुळती झालीय. वरचा एका कडेला आणि खालचा विरुद्ध कडेला, तर रॉड वाकलाय. पिस्टनवरही बघा, घासल्याची खूण सरळ आहे की तिरकी.

मार्कंडेयकाठ
शेल आहेत. वरच्याची फ्लायव्हीलकडची कड चमकायलीय, पांढरा धातू जाऊन खालचं तांबूस दिसतंय. खालच्याची दुसरी कड तशीच. पिस्टन फ्लायव्हीलच्या बाजूला खाली स्कर्टवर घासलाय, समोरच्या बाजूला रिंगांच्या वर.

खानापूरचा_फिटर
मग रॉडच वाकलाय. पिन नवी, शेल नवी, पण रॉड जुना. तो तिरकाच दाबणार आणि कड खाणार. सकाळी सुरू व्हायला त्रास होतो काय?

मार्कंडेयकाठ
होतो. पण तो डिझेल फवारणाऱ्या नोझलचा असेल म्हणून सांगितलं नव्हतं. इंजिन कंग्राळीच्या खालच्या अंगाला असतं. मागच्या पावसाळ्यात नदीचं पाणी चढलं तेव्हा अर्धं पाण्यात होतं. उतरल्यावर सुरू करताना हँडल एकदम अडकलं होतं.

खानापूरचा_फिटर
तिथंच झालंय. सिलिंडरमध्ये पाणी असलं आणि पिस्टन वर आला की पाणी दबत नाही, रॉड दबतो. वाकलेला रॉड लांबीला कमी होतो, पिस्टन पूर्ण वर जात नाही आणि कॉम्प्रेशन पडतं. हेड काढून पिस्टनवर मऊ शिशाची तार ठेवा, हेड कसून बसवा, इंजिन हातानं एक फेरा फिरवा आणि चपटी झालेली तार मोजा. मॅन्युअलमधल्या मापाशी ताडा.

मेक_पाचवं_सेम
हिशोबानंही पटतं. ११० स्ट्रोकला कॉम्प्रेशन रेशो १७.५ असेल आणि पिस्टन अर्धा मिलिमीटर खाली राहिला तर तो १६.३ च्या आसपास येतो. थंड सकाळी एवढा फरक कळतो.

चिकोडीचा_शेतकरी
रॉड प्रेसवर सरळ करून मिळतो. नवीन कशाला?

उद्यमबाग_ग्राइंडर
मी करून देत नाही. सरळ दिसला तरी आत ताण राहतो, आणि १५०० आरपीएमला तो तुटला तर ब्लॉक फोडून बाहेर येतो.

चिकोडीचा_शेतकरी
सगळ्यांचे फुटत नाहीत.

मार्कंडेयकाठ
तार लावून बघितली, मॅन्युअलमधल्यापेक्षा चपटी कमी झालीय, म्हणजे फट जास्त. उद्यमबागला रॉड घेऊन येतो. तुमच्याकडं रॉडचा वाक तपासायच्या जिगवर मोजून मिळेल काय? वाकलेला निघाला तर नवीन घेतो, बोल्टसकट.

उद्यमबाग_ग्राइंडर
मिळेल, दुपारनंतर या. क्रँकही आणा. पिन निमुळती नाही ना तेही बघू, आणि कोपऱ्यातली गोलाई ग्राइंडिंगमध्ये शिल्लक ठेवलीय की धारदार करून टाकलीय तेही. तिथूनच क्रँकला तडा जातो.

निपाणीकर
आमच्याही जुन्या इंजिनाचं हँडल असंच अडकलं होतं, पण ठोका नाही. तारेची परीक्षा करून बघावी काय?