अनुभव धागा : वसतिगृहातला टीबी, जाणकारांनी नेमकं लिहावं

विद्यापीठाच्या आवारात टीबीशी कामानिमित्त संबंध येणाऱ्यांसाठी हा धागा. दवाखाना, प्रयोगशाळा, औषध विभाग, वसतिगृह, इमारतींची देखभाल, जिथे असाल तिथलं लिहा. आपबीती नको, तिच्यासाठी वेगळा धागा काढू. काय करायचं, कोणत्या क्रमानं, किती आणि कुठे फिसकटतं, एवढंच हवं. निदान आणि डोस डॉक्टरच ठरवणार हे गृहीत धरा, दर प्रतिसादात बजावत बसू नका.

डॉक्टर, विद्यार्थी दवाखाना

दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळी चढणारा बारीक ताप, रात्री कपडे भिजतील इतका घाम, कारण नसताना घटलेलं वजन. विशीतल्या मुलामुलींकडे यातल्या प्रत्येकाला दुसरं कारण तयार असतं : धूळ, सिगारेट, जागरण, परीक्षा. म्हणून "काय त्रास होतोय?" एवढ्यावर न थांबता चारही लक्षणं एकेक करून विचारावीत. खोकला दोन आठवडे टिकला की थुंकी आणि छातीचा एक्स-रे. रूममेटला टीबी असेल तर दोन आठवडे मोजायचेच नाहीत, कुठलंही एक लक्षण पुरे.

सगळ्यात मोठा घोळ लेव्होफ्लॉक्सासिन, मॉक्सिफ्लॉक्सासिन या गटातल्या गोळ्यांनी होतो. साधा न्यूमोनिया समजून आठवडाभर दिल्या जातात. ही औषधं टीबीच्या जंतूंवरही चालतात, त्यामुळे ताप उतरतो, थुंकी काही काळ निगेटिव्ह येते आणि मुलगा बरा झाला असं सगळ्यांना वाटतं. दीड-दोन महिन्यांनी तोच खोकला परत येतो. तोवर खोलीतले बाकीचे त्याच हवेत झोपलेले असतात. टीबीची थोडी जरी शंका असेल तर थुंकी आधी घ्यावी, हा गट नंतर.

मानेतली गाठ किंवा छातीत पाणी हाही टीबीच असू शकतो. पण फुप्फुसात आजार नसेल तर गाठीचा टीबी दुसऱ्याला लागत नाही. तशा मुलीला खोलीबाहेर काढण्यात काहीच अर्थ नाही.

प्रयोगशाळा तंत्रज्ञ

नमुना म्हणून येतं त्यात लाळच जास्त. लाळेवर कितीही महागडं यंत्र चालवा, उत्तर बहुधा निगेटिव्हच येणार.

सकाळी उठल्यावर, काही खाण्याआधी, स्वच्छ पाण्यानं चूळ भरायची. माउथवॉश नको, त्यातल्या जंतुनाशकानं कल्चर (नमुन्यातले जंतू वाढवून पाहायची तपासणी) बिघडू शकतं. दोन-तीन वेळा खोल श्वास घ्यायचा, काही सेकंद रोखायचा, मग छातीतून जोरात खोकायचं. घट्ट, चिकट बेडका हवा, तीन ते पाच मिलिलिटर, म्हणजे जेमतेम एक चमचा. थोडं रक्त दिसलं तर घाबरून फेकू नका, तोही नमुनाच आहे. हे सगळं उघड्यावर, माणसांपासून दूर करायचं. वसतिगृहाच्या बंद बाथरूममध्ये मुळीच नाही. नंतर जाणारा तीच हवा घेतो.

नाव डबीच्या अंगावर लिहा, झाकणावर नको. झाकणं बदलतात. लगेच पोचवणं जमत नसेल तर फ्रिजमध्ये ठेवायचा, गोठवायचा नाही.

सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसायला मिलिलिटरमागे पाच ते दहा हजार लागतात. जंतूंचा डीएनए शोधणाऱ्या जीनएक्स्पर्टसारख्या तपासणीला शंभर-दीडशेही पुरतात, दोन तासांत उत्तर येतं आणि रिफॅम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध लागू पडेल की नाही तेही कळतं. म्हणून पहिली तपासणी हीच मागा. स्लाइड निगेटिव्ह म्हणजे टीबी नाही, असं कुणी म्हणालं तर मान डोलवू नका.

परिचारिका

बेडका निघतच नसेल तर ३ टक्के मिठाच्या पाण्याचा नेब्युलायझर देऊन काढता येतो. पण हवेशीर जागेत, देणाऱ्यानं एन-९५ लावून आणि दमेकऱ्यांमध्ये फार जपून. खोलीवर कुणी स्वतः करू नये.

इमारत देखभाल

ताटं वेगळी काढणं, गाद्या जाळणं, फरशी फिनाइलनं पुसणं, या सगळ्याचा टीबीला काडीचाही फरक पडत नाही. हा हवेतून लागणारा रोग. लढाई खिडकीवर आहे.

हिशेब सोपा आहे. ४ मीटर लांब, ३ रुंद, ३ उंच खोली म्हणजे ३६ घनमीटर हवा. तासाला ६ वेळा हवा बदलायची तर २१६ घनमीटर, म्हणजे सेकंदाला ६० लिटर बाहेरची हवा आत यायला हवी. समोरासमोरच्या दोन खिडक्या उघड्या असतील तर एवढी सहज येते. एकच खिडकी आणि बंद दार असेल तर बहुधा नाही. तासाला २ वेळा बदलणाऱ्या खोलीत हवेतले ९९ टक्के कण निघून जायला जवळजवळ १३८ मिनिटं लागतात, ६ वेळा बदलली तर ४६, १२ वेळा बदलली तर २३. आणि हे रुग्ण बाहेर गेल्यानंतरचं. तो आत खोकत असेल तर भर पडतच राहते.

भिंतीवरचा साधा एसी तीच हवा गार करून फिरवतो. रात्रीची अभ्यासिका तर सगळ्यात वाईट : दारं बंद, एसी चालू, तीस जण सहा-सहा तास बसलेले. तिथे कार्बन डायऑक्साइडचा मीटर लावा, श्वासातून सोडलेली हवा किती साचली ते त्यावर कळतं. बाहेर आकडा ४२० पीपीएमच्या आसपास असतो, आत १००० च्या वर टिकून राहिला तर खिडक्या उघडायच्या. हेपा फिल्टर (हवेतले बारीक कण अडवणारा) लावला असेल तर त्याचा परिणाम या मीटरवर दिसत नाही, हे तेवढं ध्यानात ठेवा.

संपर्क तपासणी करणारी

निदान झालं की संपूर्ण वर्गाला रांगेत उभं करतात. त्यात माणसं थकतात आणि ज्यांना खरंच तपासायला हवं ते निसटतात. उपचार सुरू होण्याआधीचे तीन महिने धरा. त्या काळात एका खोलीत झोपलेले आधी, मग बंद जागेत रोज तासन् तास सोबत असलेले. तिथे कुणी पॉझिटिव्ह निघालं तरच पुढचं वर्तुळ.

त्वचेची चाचणी (लागण झाली का ते बघायला हातावर टोचतात ती) ४८ ते ७२ तासांत वाचायची. लाली मोजायची नाही, बोटाला लागणारा टणकपणा आडवा मोजायचा. शुक्रवारी टोचलं की वाचायला सोमवारी कुणी येत नाही, म्हणून सोमवार-मंगळवारीच टोचा. लागण झाल्यावर चाचणी पॉझिटिव्ह व्हायला आठ-दहा आठवडे लागू शकतात. आज निगेटिव्ह आलेल्या रूममेटची तारीख तेव्हाच लिहून ठेवा, नाहीतर मधे सुट्टी लागते आणि विषय संपतो.

लागण आहे पण आजार नाही, म्हणजे जंतू अंगात सुप्त आहेत, अशांना प्रतिबंधक उपचार देता येतो. विद्यार्थ्यांना आठवड्यातून एकदाच घ्यायचा कोर्स झेपतो : आयसोनियाझिड आणि रिफापेंटिन, असे १२ डोस. त्याआधी चालू आजार नाही याची पक्की खात्री हवी. आजारात जंतू अफाट असतात, त्यांच्यावर अपुरी औषधं टाकली की दाद न देणारे तेवढे मागे उरतात.

रुग्णाचं नाव सूचना फलकावर लावू नका, व्हॉट्सअॅपवरही नको. पुढच्या खोकणाऱ्यानं लपवावं असं वाटत असेल तरच लावा.

औषध विभाग

नेहमीचा कोर्स सहा महिन्यांचा, पहिले दोन महिने चार औषधं. गोळ्या रोज एकाच वेळी, उपाशीपोटी. मळमळ सहन होत नसेल तर थोड्या खाण्यासोबत, पण बंद करण्यापेक्षा ते केव्हाही बरं. अँटासिड आणि गोळ्या यांत दोन तास अंतर ठेवा.

रिफॅम्पिसिननं लघवी, घाम, अश्रू नारिंगी होतात. हे आधी सांगितलं नाही तर रक्त समजून मुलं गोळ्या सोडतात. कॉन्टॅक्ट लेन्सवर कायमचा डाग पडतो, चष्मा वापरा. गर्भनिरोधक गोळ्यांचा भरवसा राहत नाही. हे मुली स्वतःहून विचारत नाहीत, म्हणून प्रत्येकीला आपणच सांगायचं. नैराश्य किंवा फिटवरच्या गोळ्या चालू असतील तर त्याही दाखवा.

डोळे पिवळे, लघवी गडद, सतत उलट्या : गोळ्या थांबवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे. चारपैकी एक औषध असलेल्या एथॅम्बुटॉलमुळे लाल-हिरवा ओळखण्यात गडबड होते, म्हणून दर महिन्याला एकेक डोळा झाकून पाहायचं. हातापायांना मुंग्या आल्या तर पायरिडॉक्सिनबद्दल (बी-६ जीवनसत्त्व) विचारा. डोस राहिला तर त्याच दिवशी आठवेल तेव्हा घ्या, दुसऱ्या दिवशी दुप्पट नाही.

विद्यार्थी कल्याण

गोळ्या सुटतात त्या बहुतेक तिसऱ्या महिन्यात. खोकला गेलेला, वजन वाढलेलं, आणि नेमकी सुट्टी. घरी जाताना सुट्टीपेक्षा आठवडाभर जास्तीच्या गोळ्या आणि उपचारपत्र सोबत हवं, आणि तिकडच्या केंद्राला निघण्याआधी कळवलेलं हवं. पोचल्यावर कळवू म्हटलं की राहतं.

औषधं लागू पडत असतील तर साधारण दोन आठवड्यांनी, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर, वर्गात परत घ्यावं. औषधांना दाद न देणाऱ्या टीबीत हा हिशेब वेगळा. तोवर वेगळ्या हवेशीर खोलीत परीक्षा घेता येते, वर्ष बुडवायची गरज नसते. हजेरीत सूट लेखी द्या. तोंडी सूट सत्राअखेरीस कुणालाच आठवत नाही.

प्रयोगशाळा तंत्रज्ञ

एक राहिलं. बरा झालो का ते बघायला पुन्हा जीनएक्स्पर्ट मागू नका. मेलेल्या जंतूंचा डीएनएही त्यात पॉझिटिव्ह येतो आणि चांगला चाललेला मुलगा घाबरतो. पाठपुराव्याला स्लाइड आणि कल्चर, दुसऱ्या महिन्याअखेर आणि कोर्स संपताना. दुसऱ्या महिन्यालाही स्लाइड पॉझिटिव्ह असेल तर औषधं लागू पडतात का याची तपासणी लगेच लावा. मागणीपत्रावर 'निदान' की 'पाठपुरावा' यापुढे खूण केलेली नसली तर आमच्याकडे नमुना चुकीच्या यंत्रावर जातो.