पावसाळ्यात बागेची हत्यारं कुठे आणि कशी ठेवता?

साखळीचं_परसू

नमस्कार मंडळी. आमचं घर गोव्यात साखळी गावाजवळ, जुनं, जांभ्या चिऱ्यांचं. मागे परसू, म्हणजे परसबाग आहे. सध्या भेंडी, दोडकी, तवशी (काकडी), थोडी तांबडी भाजी (लाल माठ) आणि पलीकडे माड, पोफळी (सुपारी). हत्यारं न्हाणीला लागून असलेल्या खोलीत असतात. त्या खोलीत मे महिन्यातसुद्धा ओलसर वास येतो, आता आषाढात तर विचारूच नका. खुरपी, कोयता, छाटणीची कातर, सगळ्यांवर गंज. खोऱ्याच्या दांड्याला पांढरी बुरशी. युरियाचा गड्डा झालाय आणि फवारणीच्या पंपाचं नॉझल तुंबलंय.

सासरे म्हणतात, आमच्या वेळी कोयता आकडीला आणि आकडी कमरेला, ठेवायचा प्रश्न कुठे होता? खरं आहे, पण मी सकाळी पणजीला कामावर जाते. कमरेला कोयता लावून कदंबाच्या बसमध्ये कोण चढू देणार! परसवात जायला संध्याकाळचा जेमतेम अर्धा तास मिळतो आणि त्यातला निम्मा 'खुरपं कुठे गेलं' यातच जातो.

पत्र्याचं कपाट घ्यावं का? की प्लास्टिकचा मोठा डबा? फार खर्च करायचा नाही. इकडच्या पावसात ज्यांची हत्यारं खरोखर चांगली राहतात त्यांनीच सांगा.

पर्वरीची_बाल्कनी

माझ्याकडे झाकणाचा डबा आहे, आत सिलिका जेलच्या पुड्या टाकते. खुरपं, छोटी कातर, हातमोजे सगळं त्यात. अजून गंज नाही. मोठ्या हत्यारांसाठी बादलीत वाळू भरून त्यात जुनं इंजिन ऑइल ओतायचं आणि काम झालं की पातं त्यात खुपसायचं, असं व्हिडिओत पाहिलंय. करून बघा.

कुळागरवाला_सत्तरी

ताई, कपाट घेऊ नका. डबाही नको. पर्वरीच्या ताईंचं चालतं, कारण त्यांच्या खुरप्याला कुंडीतली माती लागते आणि ते घरात येतं. तुमच्याकडे हत्यार चिखलातून येणार. ओलं हत्यार झाकणाच्या डब्यात गेलं की आत वाफ कोंडते, आणि सिलिका जेल एकदा ओल प्यायलं की तापवून सुकवल्याशिवाय उपयोगाचं नाही. ते रोज कोण करतंय?

आपल्याकडे पावसात लोखंड वाचवायचं तर वारा पाहिजे. न्हाणीची खोली सोडा. चिरा पाणी पितो, आणि त्याच भिंतीला टेकवून हत्यार ठेवलं तर ते गंजणारच. घराची कुठली तरी पडवी असेल, जिथे झड येत नाही. बहुतेक घरांना पूर्वेची बाजू बरी, कारण पाऊस पश्चिमेकडून मारतो. तिथे भिंतीपासून चार बोटं सोडून लाकडी पट्टी मारा. पट्टीला खुंट्या, आणि खोरं, पिकास, कोयता सगळं टांगलेलं. जमिनीवर काहीही नाही. पारय, म्हणजे पहार, तेवढी फळीवर आडवी चालेल, ती टांगली तर पट्टीच खाली येईल.

खुंटी कुठे, यालाही अर्थ आहे. रोज लागतं ते दाराच्या उंबऱ्याजवळ: खुरपं, कोयता, कातर. पिकास आणि पारय लांबच्या टोकाला. आंबे काढायची काठी वाशांवर आडवी, ती आता मार्चपर्यंत कुणाला लागत नाही. आमच्या घरी खुंटीच्या मागे पट्टीवर कोळशाने हत्याराची आकृती काढलेली आहे. गडी बदलला तरी वस्तू जागेवर जाते, आणि खुंटी रिकामी दिसली की कोयता पोफळीखाली राहिलाय हे अंधार पडायच्या आधी कळतं.

आता मुख्य गोष्ट. हत्यार गंजतं ते ठेवण्यामुळे कमी, न पुसता ठेवण्यामुळे जास्त. खुंट्यांच्या खाली नारळाचं सोडण, म्हणजे वरची साल, ठेवा. परतताना नळाखाली सोडणाने माती खरवडायची, जुन्या लुंगीच्या फडक्याने कोरडं करायचं, मग खोबरेल लावलेलं दुसरं फडकं पात्यावरून एकदा फिरवायचं. चहाला आधण येईपर्यंत होतं. पावसाळ्यात हे रोज. बाकी वर्षभर मीही इतका शहाणा नाही.

इंजिन ऑइल भाजीच्या मातीत कशाला घालता? तेच पातं उद्या तांबड्या भाजीत जाणार. जुन्या ऑइलमध्ये इंजिनातल्या धातूंचा कीस असतो. खोबरेल पुरतं, आणि आपल्याकडे पावसात ते सहसा थिजत नाही.

दांड्याला मात्र खोबरेल नको, ते सुकत नाही, हात चिकट होतात. जवसाचं तेल लाकडात मुरून सुकतं. ते पाऊस येण्याआधी लावायचं असतं. आता बुरशी पुसा, दांडा सावलीत वाळवा, आणि गणेशचवथीनंतर ऊन पडलं की लावा. त्याचं फडकं चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल सुकताना तापतं आणि चुरगळलेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. दोरीवर पसरून वाळवा, मग फेका.

मांद्र्याची_वहिनी

काकांनी ऑइलचं सांगितलं, मी वाळूचं सांगते. बादलीत वाळू घालायचीच असेल तर किनाऱ्यावरची आणू नका! आमच्याकडे एका शेजाऱ्यांनी आणली. खारी वाळू, वरून तेल, आणि पंधरवड्यात विळा लाल. नदीची म्हणून कुणी खाडीच्या तोंडाची दिली तर तीही खारीच. आपल्या नद्यांना भरतीचं पाणी आत बरंच वर चढतं.

आम्ही समुद्राजवळ, त्यामुळे इथे खारा वारा पावसाआधीपासूनच लोखंड खातो. मी कातर स्टेनलेस घेतली, कोयता मात्र लोहाराकडचाच. स्टेनलेसला ती धार येत नाही, निदान माझ्या हाताला तरी.

आणि गमबूट उलटे टांगा. पावसात सापविंचू कोरडी जागा शोधत येतात आणि बुटाइतकी सोयीची जागा त्यांना दुसरी मिळत नाही. घालण्याआधी आपटायचाच, टांगलेला असला तरी.

साखळीचं_परसू

खूप आभार. स्वयंपाकघराच्या मागच्या पडवीत पट्टी मारायचं ठरलं. सासऱ्यांना कोळशाची आकृती इतकी आवडली की त्यांनी आजच कोळसा काढून ठेवलाय, पट्टी अजून यायचीय.

आता जो गंज चढलाय त्याचं काय करू? कातर तर उघडतच नाही. आणि युरिया, पंप, बियाणं यांची जागा कुठे? तीही पडवीतच?

कुळागरवाला_सत्तरी

खत हत्यारांजवळ अजिबात नको. खताचे क्षार ओल ओढतात आणि त्याच ओलीत जवळचं लोखंड खातात. युरिया घट्ट झाकणाच्या बादलीत, बादली फळीवर, हत्यारांपासून लांब. इथे झाकण पाहिजेच. गड्डा झालेला युरिया वाया गेला नाही, फोडून पाण्यात विरघळवून वापरा. कीटकनाशकं कुलपात, मूळ बाटलीतच. शीतपेयाच्या बाटलीत औषध ओतून ठेवणारी माणसं मी पाहिली आहेत आणि मला त्यांची भीती वाटते.

पंपाचं नॉझल बोर्डोने तुंबलं असणार, पोफळी आहेत म्हणालात. पोफळीची फळं कुजून गळतात त्या कोळेरोगाचं औषध, म्हणजे १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी. त्याच दिवशी संपवायचं आणि त्याच दिवशी पंप तीन पाण्यांनी धुवायचा, शेवटचं पाणी नॉझलमधून मारून काढायचं. चुना वाळला की जाळीत बसतो. नॉझल उघडून व्हिनेगरमध्ये भिजत घाला, जुन्या दातांच्या ब्रशने घासा. तार खुपसू नका, भोक मोठं होतं आणि मग फवारा न पडता धार पडते. मिश्रण प्लास्टिकच्या पिंपात करा, लोखंडी बादली मोरचूद खाऊन टाकतो. चुना पुरला की नाही ते बघायला चकचकीत सुरी क्षणभर बुडवायची. पात्यावर तांब्याचा रंग चढला तर चुना कमी. हे काम चांगल्या कोयत्याने करू नये, एवढंच. पंप बॅटरीचा असेल तर वापर नसला तरी महिन्याला एकदा चार्ज करा, नाहीतर चवथीनंतर ती मेलेली सापडते.

कातरीलाही व्हिनेगरच. माडाची चालेल. पण जेवणाच्या बाटलीतली नेलीत तर घरात काय ऐकायला मिळेल ते तुमचं तुम्ही बघा. रात्रभर बुडवा, सकाळी काथ्याने घासा, मग खायच्या सोड्याच्या पाण्यात बुचकळा, नाहीतर उरलेलं आम्ल पुन्हा गंज आणतं. कोरडी करा आणि मधल्या खिळ्यावर तेलाचे थेंब सोडून उघडझाप करत राहा. धार फक्त तिरक्या बाजूला लावायची. सपाट बाजू दगडावर एकदा आडवी फिरवून धार लावताना उलटलेली कोर तेवढी काढायची. तिकडूनही धार काढलीत तर दोन पात्यांमध्ये फट पडते आणि फांदी कापली न जाता चेंगरते.

मांद्र्याची_वहिनी

बियाणं पडवीत नको, उंदीर. मी पूर्ण वाळलेलं बी राखेत घोळवून काचेच्या बरणीत घालते, झाकण घट्ट, आणि बरणी स्वयंपाकघरातल्या कपाटात वरच्या फळीवर. बरणीवर नाव आणि साल खडूने लिहू नका, पावसात पुसतं. आत कागदाचा कपटा टाका, पेन्सिलने लिहिलेला.

आणि वांग्याचं झाड मर लागून सुकलेलं असेल तर ते काढल्यावर खुरपं, कातर पुसून स्पिरिट लावा, मगच दुसऱ्या वाफ्यात जा. तो रोग मातीतून आणि हत्यारावरून जातो.

पर्वरीची_बाल्कनी

माझ्या डब्याची इज्जत गेली. 😀 काका, सिलिका जेल तापवायचं कसं तेवढं सांगा, कुंड्यांचं खुरपं तरी वाचू दे.

कुळागरवाला_सत्तरी

कागदाची पुडी असेल तर कडक उन्हात दिवसभर ठेवून थोडंफार सुकतं. आता ऊन कुठलं? दाणे सुटे काढून लोखंडी तव्यावर अगदी मंद आचेवर पसरा, ढवळत राहा, गार होण्याआधी बरणीत बंद करा. तवा पोळ्यांचा नको. त्यापेक्षा फडकं घ्या आणि खुरपं पुसा.