मंगळसूत्र ओढताना कोयत्याचा वार, मनगट मोडलं, चोर सापडले नाहीत. शासनाकडून भरपाई कशी मागायची?

शिलाई_बार्शी (प्रश्न)
वहिनी, वय ४१. दुचाकीवरच्या दोघांनी मंगळसूत्र ओढलं, तिने धरून ठेवलं तर हातावर कोयता मारला. उजव्या मनगटाचं हाड मोडलं, प्लेट बसवली, दोन बोटं अजून वाकत नाहीत. गुन्हा ‘अज्ञात इसम’ म्हणून नोंद आहे. पोलीस म्हणतात आरोपी सापडत नाहीत, ‘अ’ समरी पाठवावी लागेल. ती घरी शिलाई करते, त्यामुळे पगाराचा पुरावा नाही. आरोपीच नसेल तर भरपाई कोण देणार? अर्ज कुठे करायचा आणि सोबत काय जोडायचं?

कोर्टाची_पायरी
ही भरपाई आरोपीच्या खिशातून येत नाही, राज्याच्या पीडित भरपाई निधीतून येते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३९६ (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं ३५७ अ) बघा. त्याच्या पोटकलम ४ मध्ये तुमचीच परिस्थिती लिहिली आहे: आरोपीचा शोध लागला नाही, खटला उभा राहिला नाही, पण पीडित कोण हे माहीत आहे, तर तिने थेट विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करायचा. न्यायालयाच्या शिफारशीची गरज नाही.

सोलापूरला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांच्या नावे अर्ज द्या. रोज जाणं जमणार नसेल तर बार्शी न्यायालयातल्या तालुका विधी सेवा समितीत विचारा. महिलांना कायदेशीर मदत उत्पन्नाची अट न लावता मोफत आहे, म्हणून पॅनल वकील (प्राधिकरणाच्या यादीतला वकील) मागून घ्या, त्याला फी द्यायची नाही. हेल्पलाइन १५१००. चौकशी दोन महिन्यांत पूर्ण करायची असं कायदाच सांगतो. म्हणून अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय तिथून निघू नका. पुढचा सगळा पाठपुरावा त्या शिक्क्यावर चालतो.

‘अ’ समरीला घाबरू नका. गुन्हा खरा, पण आरोपी मिळाला नाही, एवढाच तिचा अर्थ. तो तर तुमच्या अर्जाला आधारच आहे. धोका ‘ब’ समरीचा, म्हणजे तक्रार खोटी असल्याचा अहवाल. कोणती समरी गेली ते पोलीस ठाण्यात लेखी विचारा. ‘ब’ असेल तर दंडाधिकाऱ्यांपुढे लगेच हरकत नोंदवा.

एक्सरे_आधी
बहुतेक अर्ज कायद्यावर अडत नाहीत, वैद्यकीय कागदांवर अडतात. आधी एफआयआरमधली कलमं वाचा. नुसतं भारतीय न्याय संहितेचं ३०४ (हिसकावून चोरी) लावलं असेल तर कागदावर जखमच नाही. कोयत्याने वार झाला असेल तर ३०९ (६) (जबरी चोरीत दुखापत) आणि ३११ (जबरी चोरीत गंभीर दुखापत) यायला हवं. हकीकतीत वार लिहायचा राहिला असेल तर पुरवणी जबाब द्या आणि कलमवाढीची मागणी लेखी करा.

दुसरं, दुखापत प्रमाणपत्र. पहिल्या रात्री एक्स-रेच्या आधी लिहिलेलं असेल तर त्यावर ‘साधी’ असं राहून गेलेलं असतं. न्याय संहितेच्या कलम ११६ प्रमाणे हाड मोडलं की दुखापत गंभीरच. एक्स-रेचा अहवाल आणि ऑपरेशन नोट्स जोडून डॉक्टरांकडून अंतिम मत घ्यायला तपास अधिकाऱ्याला सांगा. दवाखाना खासगी असेल तर तिथे एमएलसी (पोलिसांना कळवायची वैद्यकीय-कायदेशीर प्रकरणाची) नोंद झाली होती का तेही विचारा.

बोटांसाठी दिव्यांगत्व प्रमाणपत्र लागेल. फिजिओथेरपी चालू असताना गेलात तर तात्पुरतं मिळेल किंवा ‘नंतर या’ म्हणतील. पण अर्ज त्यासाठी थांबवू नका. ‘प्रमाणपत्र नंतर सादर करू’ असं अर्जात लिहा.

बिलं मूळ, झेरॉक्स वेगळ्या. पुढच्या उपचाराचं अंदाजपत्रक हा खर्च झाल्याचा पुरावा धरत नाहीत, ते वेगळं लावा. बँक खातं तिच्या एकटीच्या नावावर हवं आणि आधार, एफआयआर, पासबुक यांवर नाव एकसारखं हवं. माहेरचं-सासरचं नाव मिसळलं की फाईल परत येते.

शिलाई_बार्शी
एफआयआर पाहिली. ३०४ च लावलंय आणि वाराचा उल्लेख एका ओळीत आहे. उद्याच पुरवणी जबाब देतो. शिलाईच्या उत्पन्नाचं काय करू? आणि रक्कम किती धरायची?

कोर्टाची_पायरी
जबाब वहिनींचा हवा, तुमचा नाही. लिहून झाल्यावर त्यांनी स्वतः वाचूनच सही करावी.

उत्पन्नासाठी तहसीलदारांचा दाखला, बचत गटाचं पासबुक, कापड-दोऱ्याच्या खरेदीच्या पावत्या, दोन-तीन नियमित गिऱ्हाइकांची लेखी निवेदनं द्या. उजव्या हाताने मशीनवरचं कापड सरकवता येत नाही, हे डॉक्टरांच्या कागदावर आलं तर फार उपयोग होतो. नुसती टक्केवारी पाहून कामाचं नुकसान कळत नाही.

रक्कम: राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या महिलांसाठीच्या २०१८ च्या योजनेत गंभीर शारीरिक दुखापतीला १ ते २ लाख. कायमचं अपंगत्व २० टक्क्यांच्या आत असेल तरी १ ते २ लाख, २० ते ४० टक्क्यांत १ ते ३ लाख. राज्याच्या योजनेचा चालू तक्ताही कार्यालयात मागून बघा. अंतरिम मदतीची मागणी त्याच अर्जात वेगळ्या परिच्छेदात करा. ती कमाल रकमेच्या २५ टक्क्यांहून कमी नसावी असं योजना सांगते, म्हणजे कमाल २ लाख धरली तर ५० हजार. ही मागणी लोक करतच नाहीत आणि उपचाराच्या काळात कर्ज काढतात, याचं फार वाईट वाटतं.

मुदतठेव
सगळे पैसे एकदम हातात येतील असं धरू नका. त्या योजनेत ७५ टक्के रक्कम किमान तीन वर्षांच्या मुदत ठेवीत जाते, २५ टक्के लगेच वापरता येते. उपचारासाठी ठेव आधी मोडायची तर प्राधिकरणाकडे कारणासह अर्ज करता येतो. प्लेट काढायचं ऑपरेशन सांगितलं असेल तर तो कागद आत्ताच लावून ठेवा.

याच घटनेसाठी विमा किंवा दुसऱ्या सरकारी योजनेतून काही मिळालं असेल तर अर्जात लिहा. ते लपवलं आणि चौकशीत निघालं तर सगळ्याच अर्जावर संशय येतो.

मुदत घटनेपासून तीन वर्षं, सबळ कारण असेल तर उशीर माफ होतो. रक्कम कमी वाटली तर आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या अध्यक्षांकडे अपील करा आणि कोणतं बिल किंवा अहवाल विचारात घेतला नाही ते त्यात पान क्रमांकासह दाखवा.